तंबू, पॉप-अप की ट्रेलर?



गेल्या अंकात बेसमेंटमध्ये शिरणाऱ्या पाण्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या फोनांवरून एवढं कळलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी संप पंप आहे आणि तो नेमका कुठे आहे हे त्यांना लेख वाचल्यावर समजलं! असो. या वेळचा विषय कोरडा आहे. निदान तशी इच्छा आहे.

मंडळाच्या पिकनिकला दर उन्हाळ्यात एकजण तरी मला गाठतो. "तुम्ही तंबूत राहिलात, पॉप-अप झालं, ट्रेलरही ओढून आणलात. मग आम्ही काय घ्यावं?" हातात भेळेची प्लेट धरून, मागे रांग उभी असताना याचं उत्तर देता येत नाही. दोन वाक्यांत दिलं तर चुकीचं ठरतं, आणि नीट द्यायला लागलं तर भेळ मऊ पडते. म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. हे तिन्ही प्रकार मी हौसेपोटी केले असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण आमचे बाबा.

तंबू

२०१९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून आले होते. आम्ही त्यांना लडिंग्टन स्टेट पार्कला तंबूत नेलं. आईची पहिली प्रतिक्रिया, "इतकं मोठं घर सोडून, वर पैसे भरून, जमिनीवर झोपायचं?" बाबा मात्र खूष. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची पहिली काही वर्षं सर्व्हेच्या कॅम्पवर राहुटीत काढलेली. त्यांनी माझा नायलॉनचा तंबू चारही बाजूंनी फिरून पाहिला, एक मेख हातानं हलवून बघितली आणि म्हणाले, "कोणी ठोकली ही? डोकं तंबूपासून लांब झुकलेलं पाहिजे, टोक तंबूच्या दिशेला. नाहीतर पहिल्या वाऱ्याला तणावा मेखेसकट हातात येईल." वीस वर्षं या देशात तंबू ठोकणाऱ्या, मास्टर्स केलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरनं सगळ्या मेखा उपटून पुन्हा ठोकल्या.

मग बाबांनी खुरपं मागितलं. तंबूभोवती चर खणायचा म्हणून. तो मात्र खणू दिला नाही. पूर्वी सर्रास खणत, आता जमिनीची धूप होते म्हणून पार्कांमध्ये चालत नाही. पाणी साठणार नाही अशी जरा उंचवट्याची जागा निवडायची, हा त्यावरचा उपाय.

रात्री पाऊस आला. मला जाग आली तर बाबा बाहेर, टॉर्च दातात धरून सगळे तणावे सैल करत होते. राहुटीची दोरी सुताची किंवा तागाची. भिजली की आखडते आणि मेखा उपटते, म्हणून पावसात ती ढिली करायची. नायलॉनचं बरोबर उलटं. ते भिजलं की सैल पडतं, त्यामुळे पावसात तणावे उलट ओढून घ्यावे लागतात. आम्ही दोघं अर्धा तास भिजत उभे होतो. ते सैल करत होते, मी मागून ताणत होतो.

सकाळी मात्र वेगळाच प्रकार झाला. बाबांना जमिनीवरून उठता येईना. गुडघे आखडले होते. मी एका हाताला, धाकटा दुसऱ्या हाताला, असं करून त्यांना उभं केलं. ते हसले, आम्हीही हसलो. पण पुढच्या खेपेला, २०२२ मध्ये, कॅम्पिंगचा विषय निघाल्यावर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुम्ही जाऊन या रे. मी थांबतो घरी." ते वाक्य मला बोचलं.

आता तंबूबद्दल कामाच्या गोष्टी. पेटीवर 'सहा जणांचा' लिहिलेलं असतं, तेव्हा झोपायच्या पट्ट्या एकाला एक चिकटवून किती मावतील हे मोजलेलं असतं. त्यात बॅगा नसतात, कूस बदलणं नसतं. आकड्यातून दोन वजा करा. वरचं पावसाळी आवरण, म्हणजे रेनफ्लाय, जमिनीपर्यंत येणारं घ्या; नुसती टोपी घातल्यासारखं असेल तर आडवा पाऊस आत येतो. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूबाहेर एक इंचही येऊ देऊ नका, नाहीतर तेच पाणी गोळा करून तुमच्या पाठीखाली आणून सोडतं. हवेची गादी घेताना तिची आर-व्हॅल्यू पाहा. नुसत्या हवेच्या गादीत थंडी खालून येते, मग वरून कितीही पांघरा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: तंबूत शेगडी, स्टोव्ह, कोळसा काहीही पेटवू नका. बाहेर कितीही पाऊस असो आणि चहाची कितीही तल्लफ येवो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला ते जागं करत नाही.

पॉप-अप

त्या २०२२ सालीच, बाबांचं ते वाक्य ऐकून, मी आठवड्याच्या सुट्टीसाठी एक पॉप-अप भाड्यानं घेतला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: रस्त्यावर धावताना ही एक चपटी पेटी असते. जागेवर पोचलात की हँडल फिरवून छत वर न्यायचं, दोन्ही बाजूंनी पलंग बाहेर ओढायचे, आणि मधे कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात. तंबूला चाकं आणि गाद्या लावल्या की जे होतं ते. लहानसा ओटा, प्रोपेनची शेगडी, बहुतेकांत हीटर.

बाबांना सांगितलं, "जमिनीवर झोपायचं नाही." ते तयार झाले, पण अट घालून: "एक रात्र. नाही जमलं तर घरी."

इथे एक अनुभव सांगतो. बाहेर ओढलेले पलंग वाटतात तितके सोयीचे नसतात. ते कमरेएवढे उंच असतात, बाकावर पाय देऊन चढावं लागतं. पण मधलं जेवणाचं टेबल खाली पाडलं की तिथे एक पलंग तयार होतो, साधारण खुर्चीच्या उंचीचा. बाबा तिथे झोपले. सकाळी मी उठायच्या आत बाहेर खुर्ची टाकून चहाची वाट पाहत बसले होते. एक रात्र म्हणता म्हणता चार रात्री झाल्या.

तोटेही सांगतो. सगळं उभं करायला सरावानं अर्धा-पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ मुलं "भूक लागली" म्हणत भोवती फिरतात. बहुतेकांत संडास नसतो. रात्री टॉर्च घेऊन पार्कच्या इमारतीपर्यंत चालावं लागतं. अस्वलांच्या भागात कॅनव्हासच्या भिंतींना मज्जाव असू शकतो. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर तंबू तर नाहीच, पॉप-अपही चालत नाही. टणक भिंतींचंच वाहन लागतं. आरक्षण करण्याआधी हे वाचून घ्या.

पण सगळ्यात मोठा शत्रू अस्वल नव्हे, बुरशी. शेवटच्या दिवशी पाऊस असला तर ओला कॅनव्हास तसाच मिटवून निघावं लागतं. घरी पोचल्यावर, कितीही दमला असाल तरी, दुसऱ्या दिवशी तो ड्राइव्हवेवर पुन्हा उघडून खडखडीत वाळवायचाच. आम्ही आळस केला आणि तीन दिवसांनी उघडला. आतून आलेला वास, पावसाळ्यात गाठोडं बांधून विसरलेल्या सतरंजीचा! डाग राहिले, डिपॉझिटमधले पैसे गेले. चूक पूर्णपणे आमची. जुना पॉप-अप विकत घेताना म्हणूनच आधी तो उघडायला लावा आणि डोळ्यांनी पाहण्याआधी नाकानं पाहा. मग छताचे कोपरे दाबून बघा. मऊ लागले तर आतलं लाकूड कुजलेलं आहे असं समजा आणि नमस्कार करून परत या.

ट्रेलर

पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, माझ्या डोक्यात हवा गेली. आई-बाबा पुन्हा आले होते. मनात आलं, आता यांना टणक भिंती, खरा पलंग आणि आतच संडास देऊ. थेट अप्पर पेनिन्सुलात टाक्वामेनॉनचा धबधबा दाखवू. अठरा फुटी ट्रेलर भाड्यानं घेतला. माहितीपत्रकात वजन २८०० पौंड. आमच्या मिनिव्हॅनची ओढायची क्षमता ३५००. सातशे पौंड शिल्लक! मी निर्धास्त.

आय-७५ वरून उत्तरेकडे निघालो. सौ. नकाशा बघत होती, मुलं मागे, आई-बाबा मधे. एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलरची शेपटी हलली. मला वाटलं, वारा असेल. पुढच्या उतारावर मात्र ती जी डोलायला लागली ती थांबेना. डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. व्हॅनचं मागचं अंग ट्रेलर हवं तिकडे नेत होता. गाडीत कोणी काही बोललं नाही. ती शांतता मी विसरलेलो नाही.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तेच करायचं नसतं. गाडीला जोरात ब्रेक लावला की मागून येणारं वजन तिला आणखी वाकडं ढकलतं. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्यांचा हातातला खटका हळू दाबायचा, म्हणजे ट्रेलर मागे खेचला जातो आणि सरळ होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी हातांनी ते कसं केलं, देव जाणे. वेग उतरला, डोलणं थांबलं. पुढच्या एक्झिटला बाहेर पडलो आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

बाबा खाली उतरले. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, जशी पूर्वी तंबूभोवती मारली होती. मागच्या बाजूला दोन बोटांनी टकटक केलं. म्हणाले, "काय भरलंय इथे?"

मागे चाळीस गॅलनची पाण्याची टाकी, काठोकाठ. तिच्यावरच्या कप्प्यात तांदूळ, कणीक, डाळी, कुकर, दोन कूलर.

"गाडी उलार झालीय रे," बाबा म्हणाले. "एवढं शिकलास, आणि बैलगाडी कशी भरतात ते माहीत नाही?"

ज्यांचं बालपण खेड्यात गेलं नसेल त्यांच्यासाठी: बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की मागची बाजू दबते, पुढची वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ती गाडी उलार. ट्रेलरचं शास्त्र अक्षरशः हेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर, म्हणजे गाडीच्या हिचवर, पडला पाहिजे. इंग्रजीत त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी पडला की शेपूट डोलायला लागते. जास्त झाला की गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही कमी धरतात. जे मी एका सेमिस्टरमध्ये समीकरणं लिहून शिकलो, ते बाबांच्या आजोबांनी पोती रचताना बघून ठरवलेलं होतं.

टाकी रिकामी केली, धान्य ॲक्सलच्या पुढे आणलं, आणि उरलेला रस्ता ५५ मैलांच्या वर गेलो नाही. मॅकिनॉ पुलावर त्या दिवशी वारा कमी होता हे नशीब. १९५७ साली झालेला तो जवळजवळ पाच मैलांचा पूल. वारा वाढला की ट्रेलरसारख्या उंच वाहनांना तिथे २० मैलांच्या वेगानं, पुढे एस्कॉर्ट देऊन नेतात.

धबधबा पाहिला. पन्नास फुटांवरून पडणारं चहाच्या रंगाचं पाणी. वरच्या दलदलीतल्या सीडरच्या झाडांमधलं टॅनिन त्यात उतरतं, म्हणून तो रंग. आई म्हणाली, "दूध घालायला हवं होतं." संध्याकाळी तिनं ट्रेलरमध्ये झणझणीत फोडणी केली आणि आतला अलार्म कोकलायला लागला. शेजारची दोन कुटुंबं धावत आली आणि पिठलं-भात खाऊन गेली. साडेनऊनंतर सूर्य मावळला तरी कोणी उठेना.

पण बाबा रात्री म्हणाले, "छान आहे. पण दार लावलं की पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसल्यासारखं वाटतं. पाऊस ऐकूच येत नाही."

हिशेब

परत आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे आधी करायचं काम नंतर केलं. तुम्ही आधी करा, म्हणून आकडे देतो.

माहितीपत्रकातलं वजन कोरड्या ट्रेलरचं असतं. २८०० मध्ये चाळीस गॅलन पाणी मिळवा. एक गॅलन ८.३४ पौंड, म्हणजे ३३४ पौंड झाले. प्रोपेनची दोन भरलेली सिलिंडरं ७५. बॅटरी ५०. धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण धरून ३००. बेरीज ३५५९. म्हणजे आमच्या गाडीची क्षमता मी घराबाहेर पडतानाच ओलांडली होती.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा, आणि तो कोणी सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. आमचा आकडा १३५० पौंड. आम्ही सहा जण मिळून ८००. हिच ५०. गाडीतलं सामान २००. उरले ३००. आणि हिचवर पडणारा ट्रेलरचा भार याच ३०० मध्ये बसायला हवा! ३५५९ च्या १२ टक्के म्हणजे ४२७. बसत नाही. ट्रेलर नीट भरला तर गाडी जास्त लादली जाते, आणि गाडी वाचवायला वजन मागे नेलं तर ट्रेलर उलार होतो. सामान कसंही रचलं तरी यातून सुटका नाही. सहा माणसांनी भरलेल्या मिनिव्हॅनला तो ट्रेलर झेपणारा नव्हताच.

मग मोठा ट्रक घ्यायचा का? एका दुकानात विक्रेत्यानं कर्जाचे कागदही पुढे केले होते. त्याआधी त्याच दुकानात मला सांगण्यात आलं होतं, की "तुमची व्हॅन सहज ओढेल." स्टिकरवरचा आकडा कोणी विचारला नव्हता. मी कागद खिशात घालून परत आलो. ट्रक, ट्रेलर, दोन्हींचा विमा, हिवाळ्यात ठेवायची जागा, आणि थंडीआधी नळ्यांतलं पाणी काढून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरणं. हे सगळं वर्षाच्या बारा-पंधरा रात्रींसाठी.

भरलेला पॉप-अप २००० पौंड धरा. १२ टक्के म्हणजे २४०. तीनशेत बसतो, साठ पौंड उरतात. २०२४ मध्ये आम्ही एक वापरलेला पॉप-अप घेतला, छताचे कोपरे दाबून आणि आत शिरून वास घेऊन.

तर आता भेळेच्या रांगेतलं उत्तर. नवरा-बायको आणि लहान मुलं असाल, तर तंबूच घ्या, आणि बचतीतून चांगल्या गाद्या घ्या. घरात गुडघ्यांची तक्रार असलेलं कोणी असेल आणि गाडी मिनिव्हॅन असेल, तर पॉप-अप. वर्षातून महिना-दीड महिना बाहेर राहणार असाल आणि ट्रक आधीपासून दारात असेल, तर ट्रेलर जरूर घ्या, पण भरून झाल्यावर एकदा ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा. आणि काहीच ओढायचं नसेल, तर मिशिगनच्या बऱ्याच स्टेट पार्कांत लहान केबिन भाड्यानं मिळतात. त्यात कमीपणा काही नाही. काहीही घेण्याआधी एकदा भाड्यानं घेऊन पाहा. जळाऊ लाकूड मात्र घरून नेऊ नका, तिथेच घ्या. २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडलेल्या त्या अॅश झाडांच्या किड्यानं पुढे कोट्यवधी झाडं मारली, आणि तो असाच लाकडांतून प्रवास करत पसरला.

आता शेवटचं. इथल्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच भरतात. जूनमधल्या रात्रींसाठी डिसेंबरातच सकाळी आठला कॉम्प्युटरसमोर बसावं लागतं. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. जानेवारीत एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणतात, जूनपर्यंत प्रवास जमेलही, नाही जमला तर पुढच्या वर्षी बघू. या वयाच्या माणसाबाबत 'पुढच्या वर्षी' हा शब्द ऐकला की काय होतं, ते आपल्यापैकी बहुतेकांना सांगायला नको.

परवा फॉर्म भरताना 'माणसं किती' या रकान्याशी थोडा थांबलो. सौ. मागून म्हणाली, "सहा लिही. रद्द करता येतं."

सहा लिहिले. टेबलाच्या पलंगाशेजारी धरायला एक दांडा बसवायचाय, ते काम हिवाळ्यात करीन. मुलं मोठी झालीत, त्यांचा तंबू शेजारी लागेल. रविवारी फोनवर बाबांना जागा मिळाल्याचं सांगितलं. ऑपरेशनबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "कापड वाळवून ठेवलंयस ना रे?"

ठेवलंय, बाबा. खडखडीत.